आठ डॉलरचा पिंगळा

माझ्या लेकीला आवाज न करता उडायचं होतं.

ती सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये इथे अमेरिकेत, आमच्या कौंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या पार्कमध्ये एक बाई हातमोज्यावर घुबड घेऊन आल्या होत्या. वीतभर उंचीचं, राखाडी, मोटारीची धडक बसून एक डोळा गेलेलं. ईस्टर्न स्क्रीच आउल म्हणतात त्याला. न्यू जर्सीतल्या झाडांच्या ढोल्यांत ते राहतं, पण झाडाच्या सालीत इतकं मिसळून जातं की शेजारी असूनही वर्षानुवर्षं दिसत नाही. त्या बाईंनी सगळ्या मुलांना डोळे मिटायला सांगितले. आधी कबुतराचं पीस मुलांच्या कानाजवळून फिरवलं. फर्रकन आवाज झाला. मग म्हणाल्या, "आता घुबडाचं पीस फिरवते." आम्ही सगळे कान टवकारून उभे. काहीच ऐकू आलं नाही. मुलांनी डोळे उघडले तेव्हा त्या पीस फिरवतच होत्या.

घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते, त्यामुळे हवा कापली जाताना आवाज होत नाही, असं त्यांनी समजावलं. माझी लेक घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. ३१ ऑक्टोबरला इथे हॅलोविन असतो, त्या संध्याकाळी मुलं वेष घालून दारोदार चॉकलेटं गोळा करतात. ऑक्टोबर लागला आणि वर्गात "तू हॅलोविनला कोण होणार" सुरू झालं, तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं होतं. घुबड.

यंदा आमच्याकडे पैशाची ओढाताण आहे. नवऱ्याची नोकरी ऑगस्टमध्ये गेली. घर माझ्या पगारावर चाललंय, चालेलही, पण कोणता खर्च लांबवता येईल हे रोज रात्री ठरवावं लागतं. हॅलोविनच्या कपड्यांसाठी मी १० डॉलर बाजूला काढले. त्याच्या वर एक सेंटही नाही, असं मनाशी पक्कं केलं.

तरी एकदा दुकानात नेलंच तिला. ऑक्टोबरात इथली दुकानं नारिंगी-काळी झालेली असतात, आणि पोराला तिथून नेणं-आणणं टळत नाही. घुबडाचा तयार पोशाख होता, ३५ डॉलरचा. पातळ चकचकीत कापड, त्यावर पिसं छापलेली. मी किमतीच्या चिठ्ठीकडे बघून आता काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तिने पंख हातात धरून हलवला आणि म्हणाली, "आई, याचा आवाज येतोय." खरंच येत होता, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा. तिने तो पोशाख परत अडकवला.

माझं सगळं काम त्या एका वाक्याने सोपं केलं. घरी पोशाख करायला घेतला की आपण आधी इंटरनेटवर फोटो बघतो आणि फोटोतलं सगळं करायला जातो. पिसं हवीत, चोच हवी, नख्या हव्यात, शेपूट हवं, शिवाय हातात फांदी. मग सामान वाढतं, आणि शेवटी तयार पोशाखापेक्षा जास्त पैसे जातात. हे मी दोन वर्षांपूर्वी फुलपाखराच्या वेळी केलंय. तार, जाळी, चमकी, रंग असं करत ४० डॉलर गेले होते आणि तिने ते पंख वीस मिनिटांत काढून ठेवले होते. यंदा मी तिला जवळ बसवून विचारलं, "घुबडातलं तुला नक्की काय व्हायचंय?" ती म्हणाली, "मी पंख हलवले तरी कुणाला कळायला नको." बस. म्हणजे पंख मऊ हवेत. बाकी सगळं असलं तर बरं, नसलं तरी चालेल. तुम्ही करायला बसाल तेव्हा कात्री हातात घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारा. मुलांना नेमकी एकच गोष्ट हवी असते आणि बऱ्याचदा ती स्वस्त असते.

रविवारी आईला फोन लावला. माझं माहेर वाईचं. आईने तीस वर्षं घरी शिवणकाम केलं, ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल-पिको. मला वाटलं खूश होईल. ती गप्पच झाली.

"घुबड?" मग म्हणाली. "अगं, दुसरं काही नाही का? आणि हे तुमचं आहे कधी?"

"३१ तारखेला."

"म्हणजे तुमच्याकडे लक्ष्मीपूजन त्या दिवशी ना? आणि घरात घुबड?"

यंदाचा योगच तसा होता. २०२४ च्या दिवाळीत तिकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी, आणि आमच्या इथे गुरुवारी संध्याकाळी अमावास्या होती, म्हणून पूजा ३१ ऑक्टोबरलाच. हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एका संध्याकाळी. मी तिला म्हटलं, आई, लक्ष्मीचं वाहनच घुबड आहे की. त्यावर ती म्हणाली, ते चित्रात. तिच्या लहानपणी घराच्या आढ्यावर घुबड बोललं की मोठी माणसं काळजीत पडायची, ते तिच्या मनातून कसं जाईल? मला तिचं मन मोडायचं नव्हतं आणि लेकीचंही नाही.

मी तिला हॅलोविनचं थोडं सांगितलं. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळचा सण, त्याला साउन म्हणत. त्या रात्री गेलेली माणसं परत येतात अशी समजूत होती. तिकडे सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. १९ व्या शतकात तिथली माणसं अमेरिकेत आली, इथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, मग सलगम मागे पडला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांची सर्वपित्री." मला पटलं ते. पितरांची आठवण आणि दारातला दिवा, दोन्ही आपल्याला नवीन नाही.

मग तिने विचारलं, "केवढंसं असतं म्हणालीस ते घुबड?"

"वीतभर. तपकिरी-राखाडी. डोळे पिवळे."

"मग तो पिंगळा झाला. घुबड कशाला म्हणतेस? पिंगळा म्हण."

पक्षीशास्त्रात दोन्ही वेगळे, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडचा पिंगळा डोक्यावर ठिपके असलेला, त्याला कानासारखे तुरे नसतात, आणि स्क्रीच आउलला ते असतात. पण आकार तेवढाच, डोळेही तसेच पिवळे. आणि त्या एका शब्दाने माझ्या आईच्या घरात त्याला जागा झाली. लेकीला शब्द फार आवडला. दोन दिवस घरभर पिंगळा, पिंगळा. शाळेत मैत्रिणींनाही तिने तोच शिकवला.

आता सामान. गुडविलच्या, म्हणजे जुन्या वस्तूंच्या, दुकानात मुलांचा राखाडी स्वेटशर्ट मिळाला, टोपीवाला आणि समोरून चेन असलेला, ४ डॉलरला. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, तेवढाच दिलासा. चेन असलेलाच घ्या. डोक्यातून घालायचा घेतला तर अंगावर चढवताना तो ताणला जातो आणि त्यावर लावलेलं सगळं निघतं. हे मला नंतर कळलं, पण नशिबाने घेताना चेनवाला घेतला होता. डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून सव्वा-सव्वा डॉलरच्या तीन वस्तू आणल्या: फेल्टच्या म्हणजे जाडसर, दाबून केलेल्या कापडाच्या तुकड्यांचं पाकीट, अंधारात दिव्याच्या उजेडाने चमकणारी पट्टी आणि बॅटरीच्या पणत्या. करासकट चारेक डॉलर. एकूण झाले आठ. सुई, दोरा, कात्री, खडू आणि कापूस घरात होता.

पंखांसाठी घरातलं जुनं राखाडी फ्लीसचं पांघरूण निघालं, एका कोपऱ्यात इस्त्रीने जळालेलं, म्हणून कपाटात मागे पडलेलं. ते हलवून बघितलं, आवाज शून्य. लेकीने डोळे मिटून परीक्षा घेतली. मी तिच्या कानाजवळ आधी कचऱ्याची काळी पिशवी हलवली, मग पांघरूण. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "हलवलंस का?" पांघरूण पास झालं.

फ्लीसची आणखी एक गोष्ट चांगली. कापल्यावर त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, म्हणजे कडा दुमडून शिवायला लागत नाहीत. टी-शर्टचं कापडही तसंच, कडेला जरा वळतं एवढंच. साडी, चादर, सदऱ्याचं कापड घेतलं असतं तर प्रत्येक पिसाला तीन बाजूंनी दुमड घालावी लागली असती आणि मी अजून शिवतच बसले असते.

तर पिसं टी-शर्टची. आता ते कुठून आणायचे? नवऱ्याच्या कपाटाचा खालचा कप्पा त्याच्या जुन्या कंपनीने दिलेल्या टी-शर्टांनी भरलेला होता. नऊ वर्षांचे. पिकनिकचे, एखादं काम पूर्ण झालं की वाटलेले, दिवाळीला वाटलेलाही एक. राखाडी, तपकिरी, काळे, एक विटकरी. घुबडाचे सगळे रंग. मी त्या कप्प्याकडे बघितलं होतं, पण बोलले नव्हते. ते कपडे त्याने ऑगस्टपासून घातलेही नव्हते आणि टाकलेही नव्हते.

शनिवारी रात्री लेक झोपल्यावर तोच सहा टी-शर्ट घेऊन जेवणाच्या टेबलावर आला. "हे चालतील का?" मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो म्हणाला, "नाव आतल्या बाजूला जाईल असं कापू." मग आम्ही दोघं बसलो. त्याने पहिला शर्ट सपाट पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या, बराच वेळ काढल्या, आणि काखेपासून खाली सरळ कात्री चालवली. एकदा कापल्यावर मग थांबला नाही. रात्री साडेबारापर्यंत आम्ही कापत होतो आणि त्या दोन-अडीच महिन्यांत बोललो नव्हतो तेवढं बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण कापता कापता बोलणं सोपं जातं, नजर कापडाकडे ठेवता येते.

पिसाचा साचा मी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला. चार इंच लांब, दोन इंच रुंद, खाली गोलसर टोक. आधी सुटी पिसं कापायला घेतली. चाळीस झाल्यावर हिशेब केला, एकूण दीडशेच्या वर लागणार, आणि प्रत्येकाला वेगळी टीप. तेव्हा आईला फोन केला. तिने ऐकलं आणि पहिलाच प्रश्न केला, "सुटी कशाला कापतेस? पट्टी काप. खालची कड कंगोऱ्यांची कर. दिसायला पिसं दिसतील, शिवायला एकच टीप."

किती वेळ वाचला! टी-शर्टच्या घेराची सलग पट्टी, पाच इंच रुंद. वरचा इंचभर सरळ ठेवायचा, त्याखाली साचा ठेवून पिसं आखायची आणि कापायची. वरचा इंच म्हणजे शिवायची जागा. दीडशे टिपांच्या जागी सात ओळी झाल्या. आणि कापलेली चाळीस सुटी पिसंही वाया नाही गेली, ती टोपीवर आणि पंखांच्या टोकांना लावली.

"आणि खालून वर लावत ये," आई म्हणाली. "कौलं शाकारतात तशी. आधी सगळ्यात खालची ओळ, मग तिच्यावर दुसरी. वरची ओळ खालच्या ओळीची टीप झाकते." वाईच्या घराची कौलं दर उन्हाळ्याच्या शेवटी शाकारली जायची, ते मला आठवतं. अण्णा आढ्यावर आणि आम्ही खालून कौलं हातोहात द्यायचो. कौलं खालून वर रचली नाहीत तर पाणी आत येतं. पिसांचंही तसंच असतं, पक्ष्याच्या अंगावरून पाणी ओघळून जातं त्याचं एक कारण तेच.

इथे माझी एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल. पहिल्या दोन ओळी मी गरम गोंदाच्या पिस्तुलाने चिकटवल्या. झटपट झालं, छान दिसलं. सकाळी लेकीने हात वर केले आणि पाठीमागची अर्धी ओळ तटातट सुटली. स्वेटशर्टचं कापड ताणतं, गोंद वाळल्यावर ताणत नाही. जिथे सुटला नाही तिथे कडक ठिपके राहिले, ते तिच्या पाठीला टोचायला लागले. तिने तक्रार केली नाही, फक्त म्हणाली, "आई, पिसं टोचत नसतात ना?" मी ते सगळं उपटलं. एका ठिकाणी कापड फाटलं, त्यावर पुढची ओळ आली म्हणून निभावलं. गोंद फेल्टवर फेल्ट चिकटवायला ठीक आहे. अंगावर घालायच्या, ताणल्या जाणाऱ्या कपड्यावर सुई-दोराच.

धावदोराही ताणल्यावर तुटतो, म्हणून दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घेऊन दोरा अडकवायचा, दोरा ओढून घट्ट करायचा नाही, थोडा सैल सोडायचा. दोरा दुहेरी. एक ओळ हाताने शिवायला मला अर्धा तास लागला. रोज भांडी आवरून झाली की एक ओळ. आठवड्यात सगळ्या ओळी झाल्या.

पंख मोजायची रीत सोपी आहे. पांघरूण जमिनीवर पसरलं, लेकीला त्यावर हात पसरून उताणं झोपवलं, आणि एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत खडूने रेघ मारली. मुलांचे पसरलेले हात बोटांच्या टोकांपर्यंत साधारण त्यांच्या उंचीएवढे भरतात, म्हणून मूल झोपलेलं असेल तरी उंचीतून दोन पंजे वजा करून अंदाज घेता येतो. रेघेखाली अर्धगोल, कमरेच्या थोडं खालपर्यंत. त्याखाली जाऊ देऊ नका, पायात येतं. मग ते कापड मानेपासून बाह्यांच्या वरून मनगटापर्यंत टाचलं, आणि मनगटाजवळ मधल्या बोटात अडकवायला कापडाचा एक फासा केला. फासा महत्त्वाचा आहे. तो नसेल तर हात वर केल्यावर पंख कोपराकडे घसरतो आणि उडाल्यासारखं वाटत नाही. हात खाली सोडले की पंख अंगाला चिकटून बसतो, घुबड बसलेलं असताना दिसतं तसा.

टोपीवर पिवळ्या फेल्टचे दोन गोल, त्यावर काळे छोटे गोल, भोवती राखाडी पिसांचं वर्तुळ. चोच म्हणजे फेल्टचा त्रिकोण, आत चिमूटभर कापूस, तो टोपीच्या कडेला कपाळावर येईल असा. दोन तुरे. लेकीने मला बजावलं, "ते कान नाहीत, ती पिसं आहेत. कान आत असतात." म्हणून तुरेही पिसांसारखेच कापले. मुखवटा मुद्दामच नाही केला. तिच्या शाळेत मुखवट्याला परवानगी नाही, आणि मला स्वतःलाही तो नको होता. अंधारात, अनोळखी पायऱ्यांवर पोराला बाजूचं दिसलं पाहिजे. चेहरा मोकळाच ठेवला, रंगही नाही लावला.

आणि आग. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण आपल्या लोकांच्या घरी यंदा त्याच संध्याकाळी पणत्याही होत्या. सैल, लोंबणारं कापड आणि उघडी ज्योत एका जागी येऊ द्यायची नाही. सुती कापड भराभर पेटतं. फ्लीस पॉलिएस्टरचं असतं, ते तितक्या सहज पेटत नाही, पण पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. घरी शिवलेल्या कपड्याची तपासणी कुणी केलेली नसते, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मी पंख अंगासरशी ठेवले, घेर कमी ठेवला. दारातल्या आणि अंगणातल्या पणत्या सगळ्या बॅटरीच्या लावल्या, तेलाचं निरांजन फक्त देवापुढे, उंच. लोकांच्या दारातल्या भोपळ्यांमध्ये मेणबत्ती असते, त्यापासून हातभर लांब राहायचं, हे तिला चार वेळा सांगितलं. त्यातून त्या ऑक्टोबरभर पाऊस नव्हता. न्यू जर्सीच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा महिना ठरला तो. पाचोळा पापडासारखा वाजत होता, वणव्यांच्या बातम्या येत होत्या.

पाठीवर, शेवटच्या ओळीखाली, चमकणारी पट्टी लावली. गाडीचा दिवा पडला की दिसते. पोशाख राखाडी, अंधारही राखाडी, आणि ज्या पक्ष्याचं सगळं कसबच न दिसण्यात आहे त्याचा वेष घालून पोर रस्त्यावर हिंडणार. ती पट्टी मी आधीच विकत घेतली आणि सगळ्यात शेवटी लावली, पण आठ डॉलरमधला सर्वांत चांगला सव्वा डॉलर तोच.

३१ तारखेला माझा अंदाज होता त्याच्या उलट झालं. मी थंडीच्या तयारीने आत घालायला लोकरीचा बनियन काढून ठेवला होता. दुपारी पारा ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या, आसपास गेला. ऑक्टोबरच्या शेवटी असं सहसा नसतं. शाळेच्या अंगणात मुलांची परेड होती, मी अर्धी रजा घेऊन गेले. फुगवलेल्या पोशाखातली मुलं घामेघूम झाली होती. लेकीने चेन खाली ओढली, आत साधा बिनबाह्यांचा शर्ट होता, आणि चालत राहिली. हात पसरले की वारा लागत होता. चेनेचा हा दुसरा उपयोग. तुमच्याकडे थंडी असेल तर अंगापेक्षा दोन मापं मोठा स्वेटशर्ट घ्या, आत काहीही घालता येतं.

माझं सगळं लक्ष पंखांकडे होतं. ओळीत तिच्या पुढे एक मुलगा होता, डायनासोर. तिने मागून दोन्ही पंख हलवले, एकदा, दोनदा, पाच वेळा. तो वळला नाही. तिने गर्दीत मला शोधलं आणि नुसती मान हलवली.

मी चौथीत असताना वेशभूषा स्पर्धेसाठी आईने मला मक्याचं कणीस केलं होतं. जुन्या परकराला कापसाच्या गोळ्या टाचल्या होत्या, हळदीच्या पाण्यात रंगवून, छपरावर वाळवून. बक्षीस मिळालं की नाही ते आठवत नाही. हळदीचा वास आठवतो आणि आदल्या रात्री मी अर्धवट झोपेत असताना कंदिलाच्या उजेडात आईचा वरखाली होणारा हात आठवतो. वीज गेली होती.

संध्याकाळी सूर्य सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना मावळला. आधी पूजा. पाटावर लक्ष्मीचा फोटो, शेजारी माझ्या पगाराची स्लिप, आणि नवऱ्याने त्याच्या अर्जांची वही ठेवली. लेक पंख मिटून पाटाच्या बाजूला बसली, तुरे ताठ, अजिबात हलली नाही. आरती झाल्यावर नवऱ्याने तिला प्रसाद दिला आणि तिघंही बाहेर पडलो. हातात उशीचा जुना अभ्रा, चॉकलेटं गोळा करायला. प्लॅस्टिकची भोपळ्याची बादली घेतली नाही. अभ्रा मोठा असतो, फाटत नाही आणि आवाजही करत नाही. हे कारण तिचं.

दोन गल्ल्या फिरलो. लोक विचारत होते, "आउल?" ती प्रत्येक दारात म्हणाली, "पिंगळा." एका आजोबांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, नीट जमेपर्यंत, आणि मगच चॉकलेट दिलं. एका कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा तिच्या पाठीची पट्टी लखकन चमकली आणि गाडी थांबली.

आठ वाजता घरी आलो. वाईत तेव्हा शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच वाजले होते, लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडायचा होता. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती अंगणात सडा घालून नुकतीच आत आली होती. पडद्यावर तिच्यामागे अजून काळोख होता.

"पाठ दाखव बघू," ती म्हणाली. लेक वळली. आई फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की तिचा चष्माच दिसत होता. "खालून वर आहेत. टीप कुठे दिसत नाही. बरोबर." मग जरा थांबून, "ती विटकरी ओळ कुणाच्या कापडाची?"

"बाबाच्या शर्टाची," लेक म्हणाली. "बाबानेच कापली."

आई काही बोलली नाही. फोन भिंतीला टेकवून ती उठून आत गेली. आम्हाला तिचं छत दिसत होतं, कौलं आणि मधली काच. भांड्यांचा आवाज आला. मग ती परत आली ती हातात सूप घेऊन, सुपात पसाभर तांदूळ. पहाटेच्या वेळी दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा तिच्या लहानपणी गावात यायचा. त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नसत.

"पिंगळा दारात आलाय," ती म्हणाली आणि सूप फोनसमोर धरलं. "घे बाळा, झोळी पुढे कर."

लेकीने पंख पसरले, चॉकलेटांनी भरलेला अभ्रा दोन्ही हातांनी उचलला आणि फोनच्या खाली धरला.